सरकारी माशांचं पाणी

चिटगुप्प्याच्या बाजारात कापडाचं दुकान चालवणाऱ्या श्रीपतरावांना एक शब्द फार प्यारा होता. तो म्हणजे 'कळलं'! समोरच्यानं तोंड उघडावं आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत श्रीपतरावांनी 'कळलं' म्हणून मोकळं व्हावं. गिऱ्हाईक म्हणायचं, "लुगडं दावा, पर हिरवं तेवढं—" की झालंच! श्रीपतरावांनी हिरव्या लुगड्यांचा ढीग पुढ्यात ओतलेला! "आवो, पुरं आयका तर," असं म्हणून म्हणून त्यांची बायको सुमनबाई दमली होती. माणूस वाईट नव्हता हो. उलट दुसऱ्याला फार बोलावं लागू नये, एवढीच त्याची तळमळ!

तर त्या साली निजामाच्या मुलखात मोटारी नव्यानं धावायला लागल्या होत्या. हुमनाबादेहून एक मोटार चिटगुप्प्यालाही येणार, हे पक्कं झालं होतं. बाजारात ती थांबणार कुठं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. जागा दोनच. एक, श्रीपतरावांच्या दुकानापुढचं चिंचेचं झाड. दुसरी, समोरच्या चन्नबसप्पांच्या दुकानापुढचा दगडी कट्टा. चन्नबसप्पांचा धंदा गूळ-डाळीचा. दोघांची दोस्ती जुनी, पान एकाच डब्यातलं. पण मोटारीचं नाव निघाल्यापासून दोघंही सकाळी उठून आपापल्या जागेवर सडा टाकायला लागले होते! मोटारीतून उतरलेल्या माणसाला आधी कापड दिसणार की आधी गूळ, हा काय साधासुधा प्रश्न आहे? श्रीपतराव तर रात्री झोपेतसुद्धा मोटारीतून उतरलेल्या वऱ्हाडाला शालू दाखवायचे.

ठरवणार होते तहसीलदारसाहेब. म्हणून एके दिवशी दोघं मिळून साहेबांना सलाम करायला गेले.

साहेबांच्या घरी सामानाची बांधाबांध चालली होती. हैदराबादेत बहिणीची शादी, सगळं बिऱ्हाड नोकराचाकरांसकट निघालेलं. साहेब मात्र व्हरांड्यात एका मोठ्या काचेच्या पेटीपुढं चिंतेत उभे. पेटीत पाणी, तळाला वाळू, वाळूत रोवलेली हिरवीगार पाणझाडं, आणि त्या झाडांतून चार लाल मासे निवांत फिरायलेत!

"ये किसके हवाले करूँ, यही फिक्र है," साहेब म्हणाले.

चन्नबसप्पांनी लगेच हात जोडले. "हुजूर, आमी लिंगवंत माणसं. मासे घरात नेलाव तर आमची बायकू ईरम्मा माशांला बी भाईर काढंल, आन् मला बी!"

श्रीपतराव पुढं सरसावले. "मला द्या हुजूर! मुडबीला आमच्या मळ्यातल्या विहिरीत मासेच मासे. म्या त्यांच्यासंगंच पवायला शिकलोय. माशाचं मन मला कळतंय!"

साहेबांचा चेहरा उजळला. "अच्छा? तो सुनो. सुबह चुटकीभर आटा डालना. और पानी जो है, पानी—"

"कळलं हुजूर!"

"अरे, पूरा तो सुनो—"

"समदं कळलं! तुमी बेफिकीर जावा!"

बाहेर टांगा खोळंबला होता. साहेबांनी श्रीपतरावांकडं एकदा नीट पाहिलं, मग मान हलवली. "ठीक है. लौटकर मोटार का भी देखेंगे."

बस्स! श्रीपतरावांना आणखी काय पाहिजे? गडी लावून, गोणपाटात गुंडाळून पेटी बैलगाडीत चढवली. आणि गाडी बाजाराच्या वळणावर आली तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. 'पानी जो है, पानी'... पुढं काय? रोज बदलायचं? आठवड्यानं बदलायचं? का बदलायचंच नाही?

"अण्णा," त्यांनी शेजारी बसलेल्या चन्नबसप्पांना हळूच विचारलं, "साहेब पाण्याचं काय म्हनायलते हो?"

"मला काय ठावं?" चन्नबसप्पा मिशीत हसले. "कळलं तर तुमाला!"

आता मागं जाऊन विचारावं, तर माशांचं मन कळणारा माणूस उघडा पडणार. आणि चन्नबसप्पा शेजारीच बसलेले! श्रीपतरावांनी गाडी पुढं दामटली.

घरी पेटी उतरवली तशी नागूबाई बाहेर आल्या. नागूबाई म्हणजे श्रीपतरावांची थोरली बहीण. गळ्यात तुळशीची माळ आणि घरात सगळ्यांवर वचक. अक्का म्हटलं की दारची म्हैससुद्धा सरळ उभी राहायची.

"ह्ये काय आनलास रे?"

"मासे हायत अक्का. पर सरकारी हायत!"

सरकारी म्हटल्यावर अक्कांचा नाइलाज झाला. सरकारला काय म्हणणार? "आसूं देत. पर ह्ये पाणी कवा भरलेलं हाय?"

"काल भरलं आसंल."

"मंग शिळं झालं की! कामून ठेवायलास? टाक आधी!"

घराचा रिवाजच तसा होता. काल भरलेलं पाणी आज शिळं. भल्या पहाटे घागरी-रांजण उपडे व्हायचे आणि विहिरीचं ताजं पाणी यायचं. विहीर परसातच, गल्लीतली सगळी घरं तिच्यावरच पाणी भरायची. आता ह्या रिवाजातून मासे तरी कसे सुटणार? रोज पहाटे मासे बादलीत जायला लागले. झाडं मुळासकट उपटून, पान न् पान अक्कांच्या हातून चोळून निघायला लागलं. पेटी राखेनं घासून लख्ख! मग पुन्हा वाळू, पुन्हा झाडं, पुन्हा मासे. चार दिवसांत पाणी ताकासारखं झालं, झाडांनी माना टाकल्या, आणि मासे वर येऊन तोंडं वासायला लागले.

"ह्यांला काय झालंय?" श्रीपतराव घाबरले.

"सवं न्हाई ह्यांला सोच्छतेची," अक्का म्हणाल्या. "हुईल हळूहळू."

संध्याकाळी चन्नबसप्पा डोकावले. चौकशीला आले म्हणे! खरं तर मोटार कुणाकडं झुकतेय, ते पाहायला आले होते. पण माशांची दशा पाहून त्यांनाही कळवळा आला.

"श्रीपतअण्णा, आमच्या मठाच्या कुंडातलं पाणी कोन कवा बदललाय का? आन् तितले मासे बगा, कसे हायत! हात लावू नगा पाण्याला. आजिबात लावू नगा!"

लगेच फर्मान निघालं. पाण्याला कुणी हात लावायचा नाही! पेटी मागच्या पडवीत गेली, चुलीपासून लांब, म्हणजे अक्कांच्या डोळ्यांपुढं नको. पण मठाचं कुंड केवढं आणि ही पेटी केवढी? थोड्याच दिवसांत पाणी हिरवं झालं, वास मारायला लागला. आत मासे आहेत की नाहीत, हे बघायला हात घालावा लागे.

श्रीपतरावांची झोप उडाली. एकीकडं चार जीव, दुसरीकडं मोटार! कुणाला विचारावं म्हटलं, तर ज्यानंत्यानं आपापल्या घरचा कायदा सांगावा. हैदराबादेला माणूस पाठवून साहेबांनाच विचारावं, असंही एकदा मनात आलं. पण गावभर कळेल, चन्नबसप्पा कट्ट्यावर बसून हसतील, आणि मोटार त्यांच्या कट्ट्यापाशीच थांबेल! नको रे बाबा.

ह्या सगळ्या गोंधळात सुमनबाईंना कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यांची पडवीत मोगरीची कुंडी होती. मासे राहिलेलं पाणी झाडाला मानवतं, असं त्यांच्या माहेरी, मेहकरला म्हणत. म्हणून बाजाराच्या दिवशी त्यांनी पेटीतलं घागरभर पाणी काढून मोगरीला घातलं, आणि तेवढंच विहिरीचं पाणी पेटीत ओतलं. झाडांना हात लावला नाही. पुढच्या बाजाराला पुन्हा तसंच. बाकी पेटीकडं त्या ढुंकूनही बघायच्या नाहीत.

आणि काय सांगावं! पाणी निवळलं. झाडांना नवी पालवी फुटली. मासे गुबगुबीत झाले, मोगरीला कळ्या आल्या!

"बगितलाव का? म्या लावलेलं वळन हाय," श्रीपतराव दुकानात येईल त्याला सांगायला लागले. पण एक मात्र खरं, त्यांना माशांचा लळा लागला. सकाळी दुकानाला जायच्या आधी ते पडवीत बसायचे, अंगठीनं काचेवर टकटक करायचे, की झाडांतून चारी मासे सुळकन वर यायचे आणि चिमटीतलं पीठ खायचे. तेवढा वेळ त्यांना मोटारीचीही आठवण व्हायची नाही. सुमनबाई चुलीपासून ते बघायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना साहेबांचा निरोप आला. अमावास्येला दुपारी पोचतो. श्रीपतराव खूश! आणि त्याच संध्याकाळी अक्कांनी माजघरातून आवाज दिला.

"श्रीपती, आमुशाला सकाळी गिऱ्हान हाय. घरातलं समदं पाणी टाकायचं बग."

श्रीपतरावांच्या हातातलं पान गळालं. "समदं?"

"समदं. गिऱ्हानातलं पाणी घरात ठेवत न्हाईत. माशांचं बी!"

"अक्का, देवाच्या तांब्यात तुळशीचं पान टाकतेस न्हवं? मंग त्ये पाणी चालतंय. तसंच पेटीत बी एक पान टाकूं."

अक्कांनी गळ्यातली माळ मुठीत धरली. "तुळस? माशांत? पांडुरंगा! माजं डोळं मिटल्यावर टाक!"

हा रस्ताही बंद. चन्नबसप्पा ओट्यावर बसून ऐकत होते. "आमच्यात गिऱ्हान-बिऱ्हान काय बी न्हाई," ते म्हणाले. "गळ्यात लिंग हाय, त्याला कसलं सुतक? एक दिस माझ्या गोठ्यात ठिवा. ईरम्माला म्या सांगतो."

आता ऐन शेवटच्या दिवशी, साहेब येणार त्याच दुपारी, मासे चन्नबसप्पांच्या दारात सापडायचे? श्रीपतरावांनी मनातल्या मनात मोटार समोरच्या कट्ट्याला लागलेली पाहिली आणि जोरात मान हलवली. "नगं नगं, तुमाला कशाला तरास!"

रात्रभर विचार करून त्यांनी तोड काढली. सकाळी उठल्या उठल्या बहिणीपुढं जाऊन उभे राहिले.

"अक्का, विहिरीच्या पाण्याला गिऱ्हान लागतंय का?"

"न्हाई. जित्या झऱ्याचं पाणी हाय त्ये."

"मंग मिटलं!"

अमावास्या उजाडली तशी पितळी घागरीत मासे घेतले. तोंडावर दुकानातली नवी मलमल बांधली. घागर दोराला लावून विहिरीत सोडायची, तोंडासकट बुडवून ठेवायची, आणि ग्रहण सुटलं की वर काढायची. आत मासे विहिरीच्या पाण्यात, वर मलमल, बाहेर अक्का समाधानी! चन्नबसप्पासुद्धा म्हणाले, "डोकं हाय बरं का!"

सुमनबाईंनी घागरीकडं पाहिलं. "आवो, मलमल भिजली की तिची गाठ—"

"कळलं!" म्हणून श्रीपतरावांनी दोर सोडला.

ग्रहण लागलं. ऊन पिवळट झालं, कोंबड्या खुराड्यात शिरल्या. अक्का देवापुढं नाव घेत बसल्या. श्रीपतरावही डोळे मिटून बसले होते, पण देवापुढं मासेच दिसायचे. ग्रहण सुटलं तसे ते धावत विहिरीवर गेले आणि दोर ओढला. घागर वर आली. मलमल मात्र खाली पाण्यावर तरंगत होती!

भिजलेली गाठ कधीच सुटली होती. चारी मासे विहिरीत!

"आरं देवा!" श्रीपतराव काठावरच बसले. दुपारी साहेब येणार. आणि तेवढ्यात परसाचं दार उघडून सगळी गल्ली आत आली! येणारच की! ग्रहण सुटलेलं, घरोघरचं पाणी ओतून टाकलेलं, आंघोळी व्हायच्या. बायका घागरी, कळशा, दोर घेऊन हजर.

श्रीपतराव दोन्ही हात पसरून विहिरीपुढं उभे राहिले. "थांबा! कुनी पाणी काढायचं न्हाई! विहिरीत सरकारी मासे हायत!"

"सरकारी आसूं देत, न्हाईतर दरबारी! आमच्या आंघोळ्या खोळंबल्यात, व्हा बाजूला!"

"आवो, येकादा कुनाच्या घागरीतनं चुलीवर गेला तर?"

ह्या एका वाक्यानं सगळ्या माळकरणी दोन पावलं मागं सरल्या. आत न्यावं तर मासा, न न्यावं तर पाणी नाही! सगळीकडं कालवा सुरू झाला. त्या गर्दीतून ईरम्मा पुढं आल्या, चन्नबसप्पांची बायको. त्यांना ना ग्रहण ना सुतक, त्या नेहमीसारख्या पाण्याला आलेल्या. हातात घागर, आणि घागरीच्या तोंडाला नेहमीसारखं पाणी गाळायचं फडकं. लिंगवंताच्या घरात न गाळलेला थेंब जात नाही.

"येवढं वरडायलाव कशाला?" त्या म्हणाल्या. "गाळून घेवा की समद्यानी. मासा आसंल तर फडक्यावर ऱ्हाईल."

"कळ—" श्रीपतरावांच्या ओठांवर आलं होतं. पण ते थांबले. "बोला वैनी. आनखी काय?"

"आनखी काय न्हाई. फडकं घट बांधा म्हंजे झालं!"

श्रीपतराव दुकानात धावले आणि मलमलीचं अख्खं ठाण घेऊन आले. टरकन फाडायचं आणि बाईच्या हातात द्यायचं! ते ठाण त्यांनी मोटारीतून उतरणाऱ्या बायकांसाठी मागवलेलं. आता ते घागरींच्या तोंडाला चाललं होतं. सुमनबाई प्रत्येकीची गाठ तपासत उभ्या राहिल्या. मग श्रीपतराव पायऱ्या उतरून पाण्यापाशी बसले. सोबतच्या पितळी घागरीवर अंगठीनं टकटक केली, चिमटीतलं पीठ सोडलं. आणि विश्वास ठेवा, खालच्या काळ्या पाण्यातून चारी लाल ठिपके वर आले! श्रीपतरावांचे डोळेच भरून आले.

वरून कळशा पडायला लागल्या; भरून वर गेल्या की पाणी फडक्यातून घागरीत गाळायचं. एक मासा ह्या फडक्यावर सापडला, एक त्या. तिसऱ्याला खुद्द श्रीपतरावांनी धोतराच्या सोग्यात धरला. चौथा काही केल्या सापडेना. आणि तेवढ्यात वरून किंकाळी आली.

"शिवा शिवा! ह्ये काय!"

ईरम्मांच्या फडक्यावर मासा! त्यांनी घाबरून फडकं झटकलं, मासा उडाला, आणि परसातल्या ओट्यावर बसलेल्या चन्नबसप्पांनी झेप घालून तो दोन्ही हातांत अल्लद धरला! जन्मात अंड्याला हात न लावलेला माणूस, आणि त्याच्या ओंजळीत जिता मासा!

"आरं, पाणी आना लवकर!" चन्नबसप्पा ओरडले. "मरंल की बिचारा! आन् मठात कुनी सांगू नगा!"

श्रीपतरावांनी त्यांना मिठीच मारली. मोटारीची गोष्ट दोघांच्याही डोक्यातून त्या घटकेला पार गेली होती.

मासे आत नेले तर अक्कांनी पेटी तयार ठेवलेली! ग्रहणातलं पाणी ओतलेलं, वाळू नवी, काच राखेनं घासून अशी लख्ख की पेटी आहे की नाही ते कळू नये. चारी मासे आत सोडले. एक न् एक मासा स्पष्ट दिसत होता. श्रीपतराव पागोटं नीट करून दारात उभे राहिले.

साहेब आले. श्रीपतरावांनी छाती पुढं काढून पेटीकडं हात केला. "देखो हुजूर! चारी मासे, येकदम तंदुरुस्त!"

साहेब वाकले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "मछलियाँ तो ठीक हैं," ते हळूच म्हणाले. "मेरे पौधे कहाँ हैं?"

"पौधे?"

"हौ, पौधे! मछलियाँ तो यहीं के तालाब की हैं, जितनी चाहो ले लो. पौधे हमारी बेगम के भाई ने कलकत्ते से भेजे थे!"

श्रीपतरावांनी अक्कांकडं पाहिलं. अक्कांनी दाराकडं पाहिलं. दारात म्हैस उभी होती, डोळे मिटून, शांतपणे रवंथ करत. तिच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक हिरवी बारीक वेल अजून लोंबत होती.

"त्ये घान शेवाळं व्हय?" अक्का म्हणाल्या. "गिऱ्हानातलं व्हतं, टाकलं उकिरड्यावर."

साहेब खुर्चीवर बसले. भला माणूस! ओरडले नाहीत. फक्त विचारलं, "पानी कितने दिन में बदला?"

श्रीपतरावांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. अक्कांचं रोजचं, चन्नबसप्पांचं मुळीच न बदलणं. बाजारच्या बाजारी काढलेल्या घागरीचं सुमनबाईंनी आतून सांगितलं. साहेबांनी दाराआडच्या सुमनबाईंकडं बघून मान लववली.

"मैं यही कह रहा था. आठ दिन में एक बार, थोड़ासा निकालो, थोड़ासा डालो. और पौधों को हाथ मत लगाना. लेकिन आप बोले, कळलं!"

आणि ते उठले. जाता जाता म्हणाले, "मोटार उसके दरवाजे पर रुकेगी, जो पूरी बात सुनता है."

झालं! मोटार चन्नबसप्पांच्या कट्ट्याला लागली. उद्घाटनाला चन्नबसप्पांनी श्रीपतरावांना शेजारी उभं करून पहिला गुळाचा खडा त्यांच्याच तोंडात घातला, पण गोड लागेना.

पण गंमत पुढंच आहे. हुमनाबादेचा रस्ता तुम्हाला ठाऊक नाही! कट्ट्याला लागेपर्यंत मोटार अशी तापायची की पुढून नुसता धूर. आणि जवळचं पाणी म्हणजे श्रीपतरावांची विहीर! पहिल्याच दिवशी ड्रायव्हर डबा घेऊन त्यांच्या दारात आला. त्याच्या मागं तहानलेले उतारू. उतारूंच्या बायका चिंचेच्या सावलीला बसल्या आणि बसल्या बसल्या दुकानातली लुगडी बघायला लागल्या.

"शेटजी, पाणी—" ड्रायव्हर म्हणाला.

श्रीपतरावांच्या तोंडातून शब्द निघणारच होता. तो त्यांनी गिळला. गादीवरून उठले, हात जोडले. "बोल बाबा, पुरं बोल. म्या आयकायलोय."

"पुरं काय बोलू? पाणी पायजे. इंजिन तापलंय." ड्रायव्हर गोंधळला. "म्या बी नवाच हाव. इंजिनातलं जुनं समदं काढून टाकावं, का वरनंच भरावं?"

श्रीपतरावांनी घराच्या दाराकडं पाहिलं. "आवो," ते केविलवाणे होऊन म्हणाले, "ह्याला जरा तुमीच सांगा."

"थोडं काढ, थोडं घाल," आतून सुमनबाईंचा आवाज आला. "आन् आतल्या झाडांला हात लावू नगं!"